छतमास्तरांची मान

माझे काका कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघत. यजमान दारात उभा आहे, खुर्ची पुढे केली आहे, पाण्याचा पेला समोर आला आहे, आणि यांची नजर छताला. स्वतःच्या लग्नातसुद्धा म्हणे त्यांनी बराच वेळ हॉलच्या छतावरचा एक ओलीचा डाग न्याहाळण्यात घालवला. सासऱ्यांना वाटलं, जावई शिष्ट आहे. काकूला वाटलं, या माणसाला आपल्याकडे बघायचंच नाही. पुढे तिने तसं विचारलं, तेव्हा काकांनी अगदी गंभीरपणे सांगितलं की वरच्या मजल्यावरचा नळ गळत असणार, आणि हॉलवाल्याला ते सांगायचं राहूनच गेलं.

काका रंगारी होते. भिंती सगळेच रंगवतात, पण छत घ्यायला माणूस सहसा राजी नसतो. मान मागे टाकून, हात वर धरून तासन्‌तास उभं राहायचं. रंगाचे थेंब डोळ्यांत, कानांत, कॉलरच्या आत. काकांना नेमकं तेच आवडायचं. भिंतीला लोक खिळे ठोकतात, कपाटं टेकवतात, मुलं हात पुसतात. छत मात्र आपण दिलं तसंच राहतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा जोडीदार भिंती घ्यायचा आणि काका छत. दोन्ही जिथे मिळतात तिथली रेघ काका चिकटपट्टी न लावता नुसत्या हाताने ओढत, आणि ती खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठे हलत नसे. कामावरचे लोक त्यांना छतमास्तर म्हणत. हळूहळू गल्लीतही तेच नाव पडलं.

आम्ही त्यांच्या घराच्या अगदी वरच्या मजल्यावर राहायचो. माझे बाबा त्यांचे धाकटे भाऊ. दोघांच्या वयात बरंच अंतर, त्यामुळे बाबांना काकांनीच वाढवलं म्हटलं तरी चालेल. आजोबांना, म्हणजे तात्यांना, मी पाहिलेलं नाही. ते हमाल होते, डोक्यावरून पोती वाहायचे, आणि प्यायचे. त्यांना दारूच्या दुकानातून घरी आणायचं काम लहानपणापासून काकांकडे. बाप एका खांद्यावर, धाकटा भाऊ दुसऱ्या हाताला, अशी ती वरात गल्लीतून निघायची. काकांनी जन्मात कधी दारूला हात लावला नाही. काम संपल्यावर एखाद्या घरमालकाने खूश होऊन बाटली पुढे केली, तर ते दोन्ही हात मागे घेत आणि म्हणत की याच्याऐवजी चहा सांगा.

दुखण्याची सुरुवात कधी झाली, ते त्यांना नीट सांगता आलं नाही. आधी बोटं बधिर झाली. पातळ मोजा चढवल्यावर लागेल तसं सगळं लागायचं. खिशात हात घातला तर आत किल्ली आहे की नाणं ते बोटांना कळेना, बाहेर काढून बघावं लागे. शर्टाची बटणं जमेनाशी झाली. काकूने काही न विचारता ती लावून द्यायला सुरुवात केली, आणि काका रोज सकाळी शाळकरी पोरासारखे हनुवटी वर करून तिच्यासमोर उभे राहू लागले. मग एक दिवस ती रेघ हलली. काकांनी ती पुसून पुन्हा ओढली, पुन्हा हलली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चिकटपट्टी आणली. जोडीदाराने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी साखर तपासली, ती ठीक निघाली. जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली. फरक पडेना, तेव्हा त्यांनी हाताच्या सर्जनकडे पाठवलं. तिथे मनगटाला विजेचे बारीक झटके देऊन तपासणी झाली, आणि मनगटातली नस दबली आहे असं निघालं. ते खोटं नव्हतं. ब्रश आणि रोलर धरणाऱ्या बऱ्याच लोकांची ती दबते. छोटंसं ऑपरेशन झालं, रात्रीच्या मुंग्या कमी झाल्या, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बटणं मात्र लागेनात.

मध्यंतरी पाय जड होऊ लागले होते. गुडघ्यात जोर नाही असं वाटायचं, म्हणून काका हाडांच्या डॉक्टरकडे गेले. एक्स-रेमध्ये गुडघे वयाच्या मानाने झिजलेले दिसले. पट्टा मिळाला, व्यायाम मिळाले. काका माणूस शिस्तीचा. हाताच्या डॉक्टरकडे ते हात घेऊन गेले आणि पायाच्या डॉक्टरकडे पाय. एकाकडे दुसऱ्याची गोष्ट काढणं त्यांना चहाडी केल्यासारखं वाटायचं.

चाल बदलली ती सगळ्यांनाच दिसली. पाय फाकवून, जमीन हलते आहे असं समजून टाकावीत तशी पावलं. जिन्यात ते कठडा धरू लागले, रस्त्यात भिंतीच्या कडेने जाऊ लागले. दूधवाला एकदा त्यांना "सांभाळून, मास्तर" म्हणाला आणि हसला. ते हसणं कोणतं आहे, हे काकांना तेव्हा उमगलं नाही.

मग एका बंगल्यात काम चालू असताना ते शिडीवरून उतरताना शेवटची पायरी चुकले. बादली कलंडली आणि पांढरा रंग लाकडी फरशीवर पसरला. काका पुसायला वाकले, तर उठताना तोल जाऊन पुन्हा बसले. बंगल्याची मालकीण दारातून हे बघत होती. तिने काकांना काही म्हटलं नाही. कंत्राटदाराला फोन करून सांगितलं की प्यायलेला माणूस माझ्या घरी पाठवू नका. कंत्राटदाराने जोडीदाराला विचारलं, जोडीदार घरी जाऊन बायकोजवळ बोलला, आणि जोडीदाराची बायको काकूची मैत्रीण.

पुढचे दोन-तीन दिवस काकूने घर धुंडाळलं. तिने कपाटं पाहिली, माळा पाहिला, काकांची ब्रशांची पेटी उपसून पुन्हा होती तशी लावून ठेवली. काही सापडलं नाही. पण पिणाऱ्याच्या घरचा माणूस लपवण्यात पटाईत असतो, असं तिने सासूकडून ऐकलेलं होतं. तिला वास घेऊनही कळेना, कारण काकांच्या अंगाला लग्नापासून थिनरचाच वास.

एका संध्याकाळी काका कामावरून आले, खुर्चीत बसले आणि बुटांच्या नाड्यांशी झटू लागले. काकू समोर येऊन उभी राहिली.

"एवढंच सांगा," ती म्हणाली. "कधीपासून चाललंय?"

काकांना वाटलं, हिला बंगल्यात पडल्याचं कळलं. पाय भरकटतात हे लपवून लपवून ते कंटाळले होते. एकदाचं उघड झालं म्हणून त्यांना जरा हायसंच वाटलं.

"झालं असेल वर्षभर," ते म्हणाले. "तुला घोर नको म्हणून बोललो नाही."

"आणि थांबणार आहे का?"

"माझ्या हातात असतं तर थांबवलंच असतं."

काकू सरळ वर आमच्याकडे आली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली की त्यांनी कबूल केलं. बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं. मग ते खाली गेले. मी त्यांच्या मागे गेले, पण दारातच थांबले.

काका अजून त्या नाडीशीच झगडत होते. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले.

"दादा, तोंड उघड."

मला नंतर बाबांनी सांगितलं की तात्या घरी आले की लहानपणी काका हेच करायचे. बापाच्या तोंडाजवळ नाक न्यायचे आणि ठरवायचे, आज धाकट्याला घरात झोपवायचं की शेजाऱ्यांकडे. त्यामुळे धाकटा काय विचारतो आहे, हे काकांना सांगायची गरज पडली नाही. त्यांनी निमूट तोंड उघडलं. बाबांनी वाकून वास घेतला. थिनर, चहा आणि दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाचा असतो तो वास. बाबा तसेच खाली बसले आणि काकांच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"प्यायलो असतो तर बरं होतं रे," काका म्हणाले. "सकाळपर्यंत उतरली तरी असती."

काकूची शंका मात्र पूर्ण गेली नाही. वास कशानेही झाकता येतो, एवढंच ती म्हणाली. ती त्यांची बटणं लावत राहिली, पण आता त्यांच्या तोंडाकडे न बघता.

मनगटाच्या ऑपरेशननंतर हाताच्या व्यायामासाठी काकांना फिजिओथेरपीला जायचं होतं. माझी नोकरी दुपारनंतरची, म्हणून बाबांनी मला बरोबर पाठवलं. हॉस्पिटलच्या तळघरात लांबट खोली होती. एका बाजूला आरसा, मधे चालायला शिकवण्याचे लोखंडी कठडे, कोपऱ्यात रबरी चेंडूंची टोपली. तिथली फिजिओथेरपिस्ट बाई बुटकी, चष्मा गळ्यात दोरीला लटकवलेला. काका आत यायच्या आधी त्यांची पावलं तिला ऐकू आली असावीत, कारण दारातच तिने विचारलं की बूट काढून दाखवता का. तिने दोन्ही बूट उलटे केले. टाचा नव्यासारख्या होत्या आणि पुढची टोकं पार घासलेली. काका पाय उचलत नव्हते, ओढत होते.

मग तिने हाताचे व्यायाम बाजूला ठेवले. एका रेषेवर, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चाला म्हणाली. काकांना तीन पावलंही टाकता आली नाहीत. पाय जुळवून उभं राहून डोळे मिटायला सांगितले, आणि ती शेजारी उभी होती म्हणून बरं, नाहीतर ते आरशावरच गेले असते. तिने त्यांच्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली तर अंगठा आपोआप आत वळला. काका त्या अंगठ्याकडे परक्याचा असल्यासारखे बघू लागले. मान पुढे वाकवल्यावर काही होतं का, असं तिने विचारलं. होतं, काका म्हणाले, पाठीतून खाली करंट गेल्यासारखं होतं, पण ते धंद्यातलंच असणार. शेवटी तिने मला बाहेर थांबायला सांगितलं. लघवीला धावावं लागतं, कधीकधी पोचेपर्यंत उशीर होतो, हे काकांनी पहिल्यांदा तिथे सांगितलं. काकूलाही ते माहीत नव्हतं. धुवायचे कपडे ते स्वतःच भिजत घालायचे, आणि काकू त्यातूनही भलताच अर्थ काढत होती.

मी आत गेले तेव्हा ती विचारत होती, "हे सगळं हाताच्या डॉक्टरांना सांगितलंत?"

"ते हाताचे डॉक्टर," काका म्हणाले. "त्यांना पायाचं काय सांगायचं?"

ती हसली नाही. "हातात आणि पायात एकच तार जाते, आणि ती मानेतून जाते," ती म्हणाली. "मला वाटतं ती मानेत दबली आहे. खात्री करायला दुसरे डॉक्टर लागतील."

तिने तिथूनच हाताच्या सर्जनला फोन लावला. ते दोन मजले उतरून स्वतः आले, काकांचा अंगठा, गुडघे, चाल सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले की मनगटाचं दुखणं होतंच, पण ते सापडल्यावर मी पुढे शोधलं नाही. मग त्यांनी मज्जासंस्थेच्या डॉक्टरांशी बोलून त्याच आठवड्यातली वेळ मिळवून दिली. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून आदर आहे.

या नव्या डॉक्टरांकडे आम्ही काकूलाही नेलं. नेलं म्हणजे, बाबांनी तिला जवळजवळ हुकूमच सोडला. डॉक्टर वयस्क, सावकाश बोलणारे. त्यांनी काकांच्या गुडघ्याखाली रबरी हातोडी हलकेच मारली आणि पाय असा उडाला की टेबलावरचं त्यांचं पेन खाली पडलं. काकांनी माफी मागितली. डॉक्टर म्हणाले, पायाची चूक नाही, वरून येणारा लगाम सुटला आहे. पडलेलं पेन उचलून त्यांनी खिशात टाकलं आणि मग काकूकडे वळून सहज म्हणाले, "अशा माणसांना बरेचदा लोक दारुडे समजतात. घरचेसुद्धा. तसं झालं असेल तर मनावर घेऊ नका."

काकूने पर्स मांडीवर घट्ट धरली आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर ती नेहमीसारखी पुढे गेली नाही. जिन्यात तिने काकांचं कोपर धरलं आणि सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर तसंच धरून ठेवलं. खालच्या पायरीवर पोचल्यावर ती म्हणाली, "मी तुमच्या पेटीत बाटली शोधली होती."

"सापडली?"

"टर्पेंटाइनची."

काका हसायला लागले. काकूही हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज फाटला. काकांनी खिशातून रुमाल काढायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या बोटांना तो सापडेना, म्हणून तिने स्वतःच त्यांच्या खिशात हात घालून काढून घेतला.

एमआरआयच्या नळीत काका अर्धा-पाऊण तास पडून होते. आत भीती वाटली का, असं मी विचारलं, तर म्हणाले की हातात ब्रश नसताना छत इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं, आणि आतला रंग फारच निकृष्ट आहे.

चित्रं आल्यावर त्या हॉस्पिटलमध्ये एक बैठक झाली. मज्जासंस्थेचे डॉक्टर, मणक्याच्या सर्जन बाई, चित्रं वाचणारे डॉक्टर आणि आमच्या तळघरातल्या फिजिओथेरपिस्ट, सगळे एकाच खोलीत. काका, काकू आणि मी समोर. पडद्यावर काकांची मान उभी कापल्यासारखी दिसत होती. मणक्यांच्या मधून मज्जारज्जू खाली उतरत होता आणि मधल्या तीन-चार ठिकाणी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखा बारीक झाला होता. एका जागी त्याच्या आत पांढरट डाग. मणके आणि त्यांच्यामधल्या चकत्या वयाने वाढतात, फुगतात, हे बहुतेकांचं होतं, सर्जन बाई म्हणाल्या. यांची मणक्यातली नळी जन्मापासूनच अरुंद, त्यात इतकी वर्षं मान मागे टाकून काम. कशाचा वाटा किती, ते कुणालाच सांगता येणार नाही.

मग त्यांच्यातच चर्चा झाली. पुढून, गळ्याच्या बाजूने जायचं की मागून. दबलेल्या जागा जास्त आहेत म्हणून सर्जन बाईंना मागून बरं वाटत होतं. चित्रं वाचणारे डॉक्टर एका जागेवर बोट ठेवून म्हणाले की इथे दाब पुढून आहे. ते बोलत राहिले, आणि काका एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिले. आपल्या एका मानेसाठी इतकी शिकलेली माणसं भांडतात याचं त्यांना नवल वाटत होतं, असं ते नंतर म्हणाले. शेवटी मागून जायचं ठरलं: मणक्यांची मागची कमान दारासारखी एका बाजूने उघडायची आणि उघडीच ठेवायची, म्हणजे आत जागा होईल.

सर्जन बाई काकांकडे वळल्या. "हे ऑपरेशन पुढचं बिघडणं थांबवण्यासाठी आहे. गेलेलं किती परत येईल ते मी सांगू शकत नाही. थोडं येईल असं वाटतं."

"नाही केलं तर?"

"काहींचं बरेच दिवस आहे तसं राहतं. तुमचं वर्षभरात पायरी पायरीने खाली गेलंय. आणि असं असताना एक साधं पडणंसुद्धा महागात जाऊ शकतं."

काकांनी पडद्यावरच्या आपल्या मानेकडे बघितलं. "केल्यावर मला छत रंगवता येईल?"

सर्जन बाईंनी उत्तर फिरवलं नाही. "वर बघता येईल," त्या म्हणाल्या. "दिवसभर वर बघून काम करायचं नाही. पुन्हा कधीच नाही."

घरी आल्यावर काका त्या विषयावर बोलेनात. जेवताना, चहा घेताना, काकू त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची हिंमत करायची नाही. तिच्या परीने ती शंभर टक्के ऑपरेशनच्या बाजूची होती, पण निर्णय तिने त्यांच्यावर सोडला होता. चौथ्या की पाचव्या दिवशी काका जोडीदाराच्या घरी गेले आणि आपले वर चढून उभं राहायचे दोन लाकडी घोडे, लांब दांड्याचा रोलर आणि चांगले ब्रश त्याला देऊन आले. परत आल्यावर म्हणाले, तारीख घ्या.

ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर येऊन बराच वेळ नुसती मान आणि जबडा तपासत बसले. श्वासाची नळी घालताना मान मागे झुकवायची नाही, म्हणून कॅमेऱ्याने बघत घालणार, असं त्यांनी सांगितलं. इतक्या लोकांना माझी मान मागे जाऊ द्यायची नाहीये, काका म्हणाले, आणि मी तिशीपासून ती मागेच ठेवून होतो.

ऑपरेशन नीट झालं. खांद्यांमध्ये दुखणं जबर होतं, पण दुसऱ्या दिवशी त्यांना उभं केलं तेव्हा काकांनी आधी खाली बघितलं. पायाखालची फरशी गार लागते आहे, ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांना फरशी गार लागली होती. काकू तेवढ्यावरच खूश झाली.

आणि मग, घरी सोडायच्या बेतात असताना, त्यांचा उजवा हात खांद्यातून उचलेना. बोटं हलत होती, कोपर जेमतेम वाकत होतं, पण हात बाजूने वर जाईना. काकूचा संताप झाला. आलो तेव्हा निदान हात तरी उचलत होता, असं ती सर्जन बाईंना तोंडावर म्हणाली. बाईंनी ऐकून घेतलं. अशा ऑपरेशननंतर थोड्या लोकांना हे होतं, मज्जारज्जू मागे सरकला की खांद्याला जाणारी नस ताणली जाते, बहुतेकांचं महिन्यांनी भरून येतं, हे त्यांनी आधी सांगितलं होतं. तेव्हा ते आमच्या कानांवरून गेलं होतं. आता त्यांनी ते पुन्हा, तितक्याच शांतपणे सांगितलं, आणि फिजिओथेरपिस्टला त्याच दुपारी वर बोलावून घेतलं.

ते दिवस काकांचे सर्वांत वाईट. मानेला पट्टा, हात गळ्यात. बाबा रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर दोघे तात्यांबद्दल बोलत होते. शेवटच्या वर्षी तात्या म्हणायचे की सोडली, काका म्हणाले, आपण कुणी विश्वास ठेवला नाही. ते पडायचे, भिंत धरून चालायचे, हातातून ताट निसटायचं. आयुष्यभर डोक्यावर पोती वाहिलेली मान.

"प्यायचे तर खरेच," बाबा म्हणाले.

"प्यायचे. पण शेवटी शेवटी मी वास घेणंच सोडलं होतं. चाल बघूनच ठरवायचो."

तात्यांना कुणी कधी डॉक्टरकडे नेलं नव्हतं, आणि खरं काय होतं ते आता कळायला मार्ग नाही. चहा गार झाला. मी तो पुन्हा गरम करून आणला.

खांद्याला तळघरातल्या त्या खोलीत सगळा हिवाळा लागला. आधी टेबलावर हात सरकवायचा, मग भिंतीवर बोटांनी चढवायचा. काकांना भिंतीवर बोटं चढवताना बघून ती बाई म्हणायची, भिंतीचा रंग ओला नाहीये ना, मग घाबरता कशाला. वसंतात हात खांद्याच्या वर गेला. बटणं त्याआधीच लावता येऊ लागली होती. वरचं, कॉलरजवळचं, अजून जमत नाही आणि ते काकूकडेच आहे. चाल पूर्वीसारखी झाली नाही, पण भिंत सुटली. लघवीचा त्रास जवळजवळ गेला. गेल्या तपासणीत मज्जारज्जूवरचा पांढरा डाग तसाच होता. तो राहणार, सर्जन बाई म्हणाल्या. काकांनी वाढला नाही ना एवढंच विचारलं.

काम नसलेला माणूस घरात किती जागा अडवतो, ते काकूने त्या उन्हाळ्यात अनुभवलं. काका चिडचिडे झाले. छत सोडून दुसरं काही करणं म्हणजे त्यांना मानहानी वाटायची, आणि हा शब्द उच्चारताना ते स्वतःच्या मानेकडे बोट दाखवायचे. शेवटी गल्लीच्या टोकाला शेड असलेल्या सुताराने विचारलं, दारं रंगवाल का. दार बिजागरीतून काढून कमरेएवढ्या ठोकळ्यांवर आडवं ठेवायचं, आणि मान सरळ ठेवून, बसून किंवा उभ्याने रंगवायचं. काका आठवडाभर नाही म्हणत राहिले, मग एक दार करून बघतो म्हणाले. आता ते तिथेच असतात. दाराच्या वरच्या कडेला, जी कुणालाच दिसत नाही, रंग द्यायचा की नाही यावरून त्यांचं आणि सुताराचं रोज वाजतं. काकांच्या मते तीच कड पाणी पिते. सुताराच्या मते छतमास्तर दारालाही छत शोधतात.

एक सवय मात्र त्यांना जडली आहे. कुठल्याही डॉक्टरकडे गेले की ते सगळं सांगतात. मागे दाढ दुखत होती. दाताच्या डॉक्टरांनी दिवा ओढून घेतला, तर काकांनी मान, मनगट, गुडघे, खांदा आणि लघवी, सगळं क्रमाने सांगायला घेतलं. डॉक्टर भले होते. त्यांनी पूर्ण ऐकलं, खुर्ची फारशी मागे न कलवता मानेखाली उशी दिली, आणि मग विचारलं की दाढ कुठली. काकांना थोडा वेळ आठवेना.